शस्त्रांची फरशी : बोगोतातील ‘फ्राग्मेन्तोस’चा प्रकरण अभ्यास

कोलंबियाचे सरकार आणि फार्क ही गनिमी संघटना यांच्यात २४ नोव्हेंबर २०१६ रोजी शांतता करार झाला. त्याच्या तिसऱ्या मुद्द्यात स्मारकांविषयी एक छोटी तरतूद आहे. फार्कच्या शस्त्रांपासून तीन स्मारके घडवावीत; त्यांपैकी एक न्यू यॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, दुसरे वाटाघाटी जिथे झाल्या त्या क्यूबात आणि तिसरे कोलंबियात उभारावे, असे तिच्यात म्हटले आहे. स्मारकाचे रूप काय असावे, त्याने कुणाची आठवण ठेवावी आणि ते कुणाच्या वतीने बोलेल, यांविषयी करार काहीच सांगत नाही. तीनशेहून अधिक पानांच्या दस्तऐवजात या ओळी सहज नजरेआड होतील अशा आहेत. तरीही राजकीय उलथापालथीनंतर समाजाच्या स्मृतीचे कलेने काय करायचे, हा प्रश्न प्रत्यक्षात किती अवघड होऊन बसतो, हे त्या ओळींतून निघालेल्या कामाइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते.

कोलंबियातले स्मारक बोगोता शहरात आहे. ‘फ्राग्मेन्तोस’, म्हणजे तुकडे, असे त्याचे नाव असून ते दोरिस साल्सेदो या कोलंबियन दृश्यकलावतीने घडवले. ते उभे नाही, आडवे आहे. वितळवलेल्या शस्त्रांपासून ओतलेल्या १,२९६ लाद्यांची ती एक फरशी आहे आणि लोक तिच्यावरून चालतात. या कामाविषयी माझे मत सुरुवातीलाच सांगतो. त्याचा अर्थ तयार फरशीत जेवढा आहे, त्याहून कितीतरी अधिक ती घडवण्याच्या क्रमात आहे. म्हणजे शस्त्रे कुणी खाली ठेवली, कुणी वितळवली आणि पत्र्यावर हातोडा कुणी चालवला, यात आहे. हेच तिचे बळ आहे, आणि हाच तिचा सर्वांत कच्चा दुवाही आहे. कारण डोळ्यांना दिसते ती फरशी, तो क्रम मात्र कुणीतरी सांगावा लागतो.

करारामागचा देश

फार्कची स्थापना १९६४ मध्ये झाली. जमिनीच्या मालकीवरून पेटलेल्या या बंडात पुढे कोकेनचा पैसा आला, जमीनदारांच्या आणि तस्करांच्या पाठबळावर उजव्या निमलष्करी टोळ्या उभ्या राहिल्या, आणि लष्करही अनेक ठिकाणी त्या टोळ्यांच्या बरोबरीने गुन्ह्यांत सामील झाले. कोलंबियाच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्मृती केंद्राने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात १९५८ ते २०१२ या काळातील मृतांचा आकडा सुमारे २,२०,००० इतका होता, आणि त्यांतील दहांपैकी आठ जण सामान्य नागरिक होते. करारानुसार नेमलेल्या सत्य आयोगाने जून २०२२ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला, तेव्हा १९८५ ते २०१८ एवढ्याच काळासाठी हा आकडा ४,५०,६६४ वर गेला. सरकारदरबारी नोंदलेल्या पीडितांची संख्या नव्वद लाखांहून अधिक आहे आणि त्यांत मोठा भरणा गावाबाहेर हुसकल्या गेलेल्यांचा आहे. मेलेल्यांची मोजदादच जिथे दर दशकात बदलते, तिथे त्यांचे स्मरण एका आकृतीत बसवणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

त्यात हा करार सर्वमान्य नव्हता. राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सान्तोस यांनी करार आधी लोकांपुढे मतदानाला ठेवला. २ ऑक्टोबर २०१६ रोजी ५०.२ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटले, ४९.८ टक्क्यांनी ‘हवा’ म्हटले, आणि दोहोंतला फरक चोपन्न हजार मतांहूनही कमी होता. मतदानाला बाहेर पडलेच जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आत. माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरीबे यांनी ‘नको’ची बाजू लढवली होती. त्यांच्या काही आक्षेपांनुसार मसुद्यात बदल करून तो पुन्हा स्वाक्षरीला आला आणि दुसऱ्यांदा लोकांपुढे न जाता थेट संसदेत मंजूर झाला.

शस्त्रांचेही असेच नाजूक होते. फार्कने शरणागती पत्करलेली नव्हती आणि सरकारने युद्ध जिंकलेले नव्हते, म्हणून शस्त्रे सरकारच्या हाती न देता संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे सुपूर्द करण्याचे ठरले. सप्टेंबर २०१७ पर्यंत त्या पथकाने ८,९९४ शस्त्रे जमा करून घेतली. स्मारकाचे काम साल्सेदो यांच्याकडे आले तेव्हाची परिस्थिती ही अशी होती : धातू एका पक्षाचा, पैसा आणि जागा दुसऱ्या पक्षाची, मत देणाऱ्यांपैकी निम्म्यांचा करारालाच विरोध, आणि लाखो पीडित असे की ज्यांना दोन्ही पक्षांकडून, शिवाय निमलष्करी टोळ्यांकडूनही, मार बसलेला. विजयस्तंभ उभारायला मुळात कुणी विजयी नव्हते.

साल्सेदो यांचे आधीचे काम

साल्सेदो यांचा जन्म १९५८ चा, बोगोतातलाच. त्यांनी हा पेच कसा सोडवला हे समजण्यासाठी त्यांची आधीची दोन कामे पाहावी लागतात. दोन्ही कामे शहराच्या मधोमध, प्लासा दे बोलीवार या चौकात झाली.

पहिले काम २००२ सालचे. एम-१९ या दुसऱ्या एका गनिमी संघटनेने ६ नोव्हेंबर १९८५ रोजी या चौकातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीचा ताबा घेतला. लष्कराने चिलखती गाड्या आत घालून ती परत मिळवली, पण त्यात इमारत जळाली, सुमारे शंभर माणसे मेली, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, आणि उपाहारगृहातले काही कर्मचारी जिवंत बाहेर पडूनही नंतर कायमचे बेपत्ता झाले. पुढे जळकी इमारत पाडून त्याच जागी नवी बांधण्यात आली. घटनेला सतरा वर्षे झाली त्या दिवशी साल्सेदो यांनी नव्या इमारतीच्या छतावरून दर्शनी भिंतीवर रिकाम्या लाकडी खुर्च्या एकेक करून खाली सोडायला सुरुवात केली. पहिली खुर्ची सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी उतरली, कारण पहिला मृत्यू त्याच वेळी झाला होता. ५३ तासांत २८० खुर्च्या भिंतीवर लटकल्या आणि मग सगळे आवरून घेतले गेले. ना उद्घाटन झाले, ना भाषण. रोजच्या कामासाठी चौकातून जाणारी माणसे थांबत होती, वर पाहत होती, आणि ज्यांना १९८५ आठवत होते ती शेजारच्याला सांगत होती.

दुसरे काम जनमताच्या निकालानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी झाले. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांवर राखेने लिहिलेली सुमारे १,९०० मृतांची नावे स्वयंसेवकांनी दिवसभर हाताने एकमेकांना शिवली आणि अख्खा चौक त्या कापडाने झाकला. या कामाचे कौतुक झाले तशी टीकाही झाली. करार टिकावा म्हणून त्याच चौकात तंबू ठोकून बसलेल्या आंदोलकांना या कलाकृतीसाठी बाजूला सरकावे लागले होते. जिवंत माणसांचे आंदोलन हलवून मृतांच्या नावांना जागा करून देणे कितपत योग्य, असे विचारले गेले. ही टीका मला रास्त वाटते. साल्सेदो यांच्या कामात शिस्त फार कडक असते. टाका कसा घालायचा, कापड कसे पसरायचे, हे सगळे ठरलेले असते, आणि त्या शिस्तीत उत्स्फूर्तपणाला वाव उरत नाही. ‘फ्राग्मेन्तोस’मध्ये मात्र शिस्तीचा हा प्रश्न त्यांनी वेगळ्या रीतीने हाताळला आणि माझ्या मते तिथेच हे काम आधीच्या कामांच्या पुढे गेले.

निर्णय आणि घडण

शस्त्रांपासून काहीही उंच, काहीही डौलदार घडवले की शस्त्रांचेच देव्हारे माजतात, अशी साल्सेदो यांची भूमिका होती. त्यांना स्मारक नको होते, प्रतिस्मारक हवे होते. स्मारकविरोधी स्मारकांची ही वाट त्यांनी काढलेली नाही. जर्मनीत हार्बुर्ग येथे योखेन गेर्झ आणि एस्तेर शालेव्ह-गेर्झ यांनी १९८६ मध्ये फॅसिझमच्या विरोधात बारा मीटर उंचीचा एक स्तंभ उभारला. लोकांनी त्यावर सह्या करायच्या आणि सह्यांनी भरलेला भाग जमिनीत उतरवत जायचे, अशी ती योजना होती, आणि १९९३ पर्यंत तो स्तंभ पुरता जमिनीखाली गेला. स्तंभ खाली नेण्यासाठी तिथे सात वर्षे लागली. साल्सेदो यांनी सुरुवातच जमिनीपासून केली. ज्या हत्यारांपुढे लोक खाली मान घालून उभे राहिले, ती आता लोकांच्या पायांखाली असतील, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. पण तेवढ्यावर काम थांबले असते, तर ती एक चतुर कल्पना ठरली असती, त्यापलीकडे काही नाही.

खरा निर्णय पुढचा होता. लाद्यांचा पृष्ठभाग कसा असावा, हे कलावतीने स्वतः ठरवले नाही. संघर्षात लैंगिक अत्याचार सोसलेल्या सुमारे वीस स्त्रियांना तिने या कामात बोलावले. या स्त्रियांवर अत्याचार करणारे एकाच बाजूचे नव्हते. फार्कचे होते, निमलष्करी टोळ्यांचे होते आणि सरकारी दलांचेही होते. युद्धातल्या सगळ्या गुन्ह्यांत हा असा गुन्हा, ज्याविषयी हवाना येथील वाटाघाटींच्या टेबलावर बोलायला लावण्यासाठीसुद्धा स्त्री संघटनांना झगडावे लागले. करारात या गुन्ह्याला माफी नाही, हे कलम त्या झगड्यामुळेच आले.

या स्त्रियांनी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर हातोड्यांनी घाव घातले. इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पातळ पत्र्यावर हातोडा पडला की खड्डा पडतो, त्याभोवतीचा भाग फुगून वर येतो, आणि दुसरा घाव शेजारी बसला की पहिल्याची कड चेपते. बळ एकसारखे राहत नाही. काही ठिकाणी घाव इतके दाट पडलेले की सपाट असा भाग उरलेलाच नाही. काही ठिकाणी पत्रा लांबच लांब चुरगळल्यासारखा वळलेला. काही जागा जवळजवळ कोऱ्या. या पत्र्यांवरून साचे करण्यात आले आणि साच्यांत वितळलेल्या शस्त्रांचा धातू ओतला गेला. लादी तयार झाली तेव्हा घावांचा तो सगळा उंचसखलपणा तिच्यावर जसाच्या तसा उतरला. रंग गडद करडा, कुठे काळपट. लाद्यांवर ना कुणाचे नाव आहे, ना तारीख, ना चिन्ह.

प्रतिस्मारकातल्या माहितीपटात या स्त्रिया स्वतः बोलतात. त्यांच्या बोलण्यातून समजते की सुरुवातीला हात चालत नव्हता, नंतर थांबत नव्हता. जो राग वर्षानुवर्षे बाहेर काढायला जागा नव्हती, तो धातूवर काढता आला, असे त्यांच्या सांगण्याचे सार आहे. कलेच्या उपचारशक्तीविषयी मी एरवी सावध असतो, कारण ‘सहभागातून सावरणे’ ही भाषा अनुदानांच्या अर्जांत फार स्वस्त झाली आहे. या कामात मात्र त्या स्त्रियांना दुःख सांगायला लावून कुणी त्याचे चित्र काढलेले नाही. त्यांच्या हातात अवजार दिले, आणि त्या अवजाराने जे झाले तेच अंतिम रूप म्हणून स्वीकारले. शिस्तीच्या बाबतीत कडक असलेल्या कलावतीने पृष्ठभागावरचा हक्क दुसऱ्यांच्या हाती सोडला. म्हणून आधीच्या दोन कामांहून हे काम मला अधिक प्रामाणिक वाटते.

धातू वितळवण्याचे काम इंदुमिल या सरकारी लष्करी कारखान्यात झाले. याच कारखान्यात कोलंबियाच्या लष्करासाठी शस्त्रे आणि दारूगोळा तयार होतो. फार्कविरुद्ध वापरायच्या बंदुका ज्यांनी घडवल्या त्यांच्याच भट्टीत फार्कच्या बंदुका वितळल्या. योजनेतला हा भाग फारसा चर्चिला जात नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या हातांना एकमेकांचा विश्वास नव्हता, त्यांना एका कामात गुंतवल्याशिवाय ही फरशी तयार होऊच शकत नव्हती. सुमारे ३७ टन धातू या कामासाठी वापरला गेला.

जागा

राष्ट्राध्यक्षांच्या कासा दे नारिन्यो या प्रासादापासून थोड्याच अंतरावर वसाहतकाळातल्या एका घराचे पडके अवशेष होते. ते न पाडता, न दुरुस्त करता, वास्तुरचनाकार कार्लोस ग्रानादा यांच्यासोबत साल्सेदो यांनी त्यांच्यामधून काचेच्या भिंतींची एक साधी इमारत उभी केली. आत गेलेल्या माणसाला खाली फरशी, बाजूला काच आणि काचेपलीकडे मातीच्या ढासळलेल्या भिंती व त्यांत उगवलेली झाडेझुडपे दिसतात. डिसेंबर २०१८ मध्ये ही जागा लोकांसाठी खुली झाली आणि तिचा कारभार सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेला.

दालने रिकामी ठेवण्यामागेही विचार आहे. या फरशीवर इतर कलावंतांनी आपापली कामे मांडावीत आणि हा उपक्रम ५३ वर्षे, म्हणजे फार्कबरोबरचे युद्ध जितकी वर्षे चालले तितकी वर्षे, चालू राहावा, अशी योजना आहे. युद्धाची एकच एक कहाणी सांगण्याऐवजी तिच्यावर अनेकांना अनेक कहाण्या मांडता याव्यात, अगदी एकमेकींना छेद देणाऱ्यासुद्धा, असा त्यामागचा हेतू. २०१९ मध्ये क्लेमेन्सिया एचेवेर्री यांनी ‘दुएलोस’ हे दृक्श्राव्य मांडणशिल्प इथे मांडले. त्याचा विषय मेदेयिन शहराजवळची ला एस्कोम्ब्रेरा ही राडारोडा टाकण्याची जागा. २००२ मधल्या लष्करी कारवाईनंतर शहराच्या तेराव्या विभागातून बेपत्ता झालेल्या तरुणांची प्रेते त्या ढिगाऱ्याखाली पुरली आहेत, असे त्यांच्या आया वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि त्यांचे कुणी ऐकत नव्हते. एचेवेर्री यांच्या मांडणीत राडारोडा प्रचंड आवाज करत कोसळत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच जागी खोदकाम करणाऱ्या शोधपथकाला मानवी अवशेष सापडले. जानेवारी २०२५ मध्ये मेदेयिनमध्ये तरुणांनी ‘आयांचे खरे होते’ अशा अर्थाचे भित्तिचित्र रंगवले, शहर प्रशासनाने ते करड्या रंगाने पुसले, आणि लोकांनी ते पुन्हा रंगवले. राज्यसंस्थेच्या ताब्यातल्या दालनात जे दाखवता येते ते रस्त्यावरच्या भिंतीवर दाखवता येत नाही, असा याचा अर्थ लावता येईल. उलटाही लावता येईल : दालनातल्या कामाकडे दुर्लक्ष करता येते, म्हणून ते टिकते.

आक्षेप

सर्वांत गंभीर आक्षेप धातूविषयी आहे. फरशीत फक्त फार्कची शस्त्रे आहेत. निमलष्करी टोळ्यांची नाहीत, लष्कराची तर नाहीतच. आणि २००२ ते २००८ या काळात लष्कराने निदान ६,४०२ निरपराध माणसांना मारून त्यांना लढाईत ठार झालेले गनीम म्हणून दाखवले, हे करारातून निर्माण झालेल्या विशेष न्यायालयानेच फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आहे. केवळ एका बाजूची हत्यारे पायांखाली घेणारी जागा पाहणाऱ्याला नकळत सांगते की हिंसा त्या एका बाजूची होती, असे हा आक्षेप म्हणतो. याला फरशीतच एक उत्तर आहे, ते म्हणजे हातोडा चालवणाऱ्या स्त्रिया. धातू एका बाजूचा असला तरी त्यावरचे घाव सर्व बाजूंनी दुखावलेल्यांचे आहेत. उत्तर चांगले आहे, पण ते फरशी पाहून मिळत नाही, सांगूनच मिळते. माहितीपट न पाहता, मार्गदर्शकाचे न ऐकता नुसता चालत जाणारा माणूस एका आकर्षक, खडबडीत धातूच्या जमिनीवरून जाऊन येतो, बस्स.

दुसरा आक्षेप कर्तृत्वाचा. काम जगभर ओळखले जाते ते साल्सेदो यांच्या नावाने. स्त्रियांच्या सहभागाचा उल्लेख सर्वत्र असतो, तरी कलाविश्वातले श्रेय एकाच नावावर जमा होते. हा आक्षेप मला निम्माच मान्य आहे. पीडितांनी स्वतः नावानिशी पुढे यावे, अशी अपेक्षा धरणेही कधीकधी क्रूर असते. कित्येकींची गावे अजून त्याच सशस्त्र टोळ्यांच्या वचकाखाली आहेत. तरीही कामाच्या अधिकृत वर्णनात ‘सहभागी’ यापेक्षा मोठे स्थान त्यांना देता आले असते.

तुलनेसाठी न्यू यॉर्कचे स्मारक पाहावे. मारिओ ओपासो यांनी त्याच शस्त्रांच्या धातूपासून ‘कुसिकावसाय’ ही होडी घडवली आणि २०१९ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या आवारात बसवण्यात आली. होडी पुढे जाते, आशेकडे जाते, तिचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मुत्सद्द्यांच्या आवारात ते शोभते. पण तिच्यात पीडितांना जागा नाही आणि तिच्याशी वाद घालायलाही जागा नाही. बोगोतातच याहून जवळचे उदाहरण आहे. मध्यवर्ती दफनभूमीतल्या ओस पडलेल्या कबरींच्या ८,९५७ कोनाड्यांवर बेआत्रिस गोन्सालेस यांनी २००९ मध्ये प्रेते वाहून नेणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृत्या छापून ‘औरास आनोनिमास’ हे काम केले. आठच आकृत्या आलटून पालटून हजारो वेळा. तिथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. ओझे वाहणाऱ्या माणसांच्या त्या रांगा पाहिल्या की पुरे. त्या इमारती काढून तिथे मोकळे मैदान करण्याच्या हालचाली शहरात पुनःपुन्हा झाल्या आणि त्या टिकवण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला, ही गोष्टही या तुलनेत विसरता येत नाही. स्पष्ट बोलणारे काम सुरक्षित असतेच असे नाही.

सत्तांतर

‘फ्राग्मेन्तोस’ खुले झाले तेव्हा करार करणारे सान्तोस पदावर राहिले नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये उरीबे यांच्या पक्षाचे इव्हान दुके राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि कराराला विरोध हा त्या पक्षाच्या राजकारणाचा कणा होता. ५३ वर्षांचे आश्वासन देणारी जागा पहिल्याच दिवसापासून अशा सरकारच्या हाती गेली, ज्याला तो करार नकोसा होता. जागा बंद झाली नाही, फरशी उखडली गेली नाही. धक्का दुसरीकडे बसला. राष्ट्रीय ऐतिहासिक स्मृती केंद्राच्या प्रमुखपदी २०१९ मध्ये दारिओ आसेवेदो यांची नेमणूक झाली. देशात जे घडले त्याला सशस्त्र संघर्ष म्हणावे की नाही याविषयीच त्यांनी शंका व्यक्त केली होती. पीडितांच्या अनेक संघटनांनी केंद्राकडे सोपवलेले दस्तऐवज परत मागितले, आणि स्मृतिस्थळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये केंद्राचे सदस्यत्व स्थगित केले.

या घटनेचा ‘फ्राग्मेन्तोस’शी सरळ संबंध नाही, तरी या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा मला तिच्यात दिसतो. स्मृती पुसण्यासाठी वास्तू पाडावी लागत नाही. तिच्याविषयी बोलणाऱ्या संस्थेच्या खुर्चीत संघर्षाला संघर्ष म्हणण्याविषयीच शंका घेणारा माणूस बसवला की पुरते. धातूची फरशी शतके टिकेल. तिचा अर्थ ज्या माहितीपटात, ज्या मार्गदर्शकांच्या तोंडी आणि ज्या निवडसमितीच्या निर्णयांत आहे, ते सगळे दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीवर अवलंबून आहे. घडणीच्या क्रमाला एवढे महत्त्व देणाऱ्या कामाने त्या क्रमाची एखादी खूण, निदान हे घाव कुणी घातले एवढी, फरशीतच कायमची ठेवायला हवी होती. लाद्या कोऱ्या ठेवण्यामागची संयत भूमिका मला समजते, आणि तरीही ती मला इथे महागात पडणारी वाटते.

बाहेर युद्ध पूर्ण थांबलेही नाही. फार्कच्या वतीने वाटाघाटी करणारे इव्हान मार्केस ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा शस्त्रे हाती घेत असल्याचे जाहीर करून जंगलात परतले. शस्त्रे खाली ठेवलेल्यांपैकी ४०० हून अधिक जणांची करारानंतर हत्या झाली आहे. ज्यांच्या बंदुका फरशीत आहेत, त्यांपैकीही काही जण आता मृतांच्या यादीत आहेत, आणि त्यांच्या स्मरणाची सोय या योजनेत कुठेच केलेली नाही.

हातोडा चालवणाऱ्या स्त्रियांच्या न्यायाचे काम तर फारच सावकाश चालले आहे. विशेष न्यायालयाने लैंगिक आणि लिंगाधारित अत्याचारांसाठी स्वतंत्र प्रकरण, क्रमांक ११, उघडले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे फरशी लोकांसाठी खुली झाल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी. पीडित स्त्रियांच्या संघटनांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. या न्यायालयाचा अधिकार मुख्यतः फार्कचे सदस्य आणि सरकारी दलांचे जवान यांच्यापुरता आहे. निमलष्करी टोळ्यांचे खटले २००५ च्या वेगळ्या कायद्याखाली चालतात आणि त्या टोळ्यांतले लोक मोजक्या अपवादांखेरीज इथे येत नाहीत. त्यामुळे ज्यांचे घाव एकाच फरशीवर शेजारी शेजारी आहेत, त्या स्त्रियांना न्याय मागायला वेगवेगळ्या दारांत जावे लागते.